साधेपणा आणि सपाटपणा : भीमगीतांच्या स्वरसाथीचा विचार

भीमगीतांची चर्चा आपल्याकडे शब्दांपाशी सुरू होते आणि शब्दांपाशीच संपते. वामनदादा कर्डकांच्या गीतांतील जाणीव, प्रतिमा, तत्त्वज्ञान यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते आवश्यकच होते. पण त्या शब्दांखाली पेटी काय वाजवते, साथीचे सूर शब्दांना उचलून धरतात की शब्दांना खाली पाडतात, याबद्दल आपली समीक्षा जवळजवळ मुकी आहे. या मुकेपणाची दोन कारणे दिसतात. प्रस्थापित संगीतसमीक्षेने या गीतांना संगीत मानलेच नाही. 'दोन-तीन सुरांचा खेळ' असे म्हणून तिने ती दाराबाहेर ठेवली. आणि आपण? आपण संगीताला केवळ वाहन मानले. विचार गावोगाव पोचला की झाले, बैलगाडी कोणत्या लाकडाची आहे हे कोण पाहतो, अशी आपली भूमिका राहिली. वरवर पाहता या दोन भूमिका परस्परविरोधी वाटतात. मुळात मात्र दोन्ही एकच गोष्ट गृहीत धरतात : या गाण्यांच्या सुरांत विचार नाही. हे गृहीतच तपासून पाहण्याचा या लेखाचा प्रयत्न आहे.

प्रथम व्यवहारातली गोष्ट स्पष्ट करू. तीन स्वर एकत्र वाजवले की वादक त्याला 'कॉर्ड' म्हणतात. शुद्ध स्वरांच्या चालीला साथ करायला बहुतेक वादक तीन कॉर्ड वापरतात : सा-ग-प, म-ध-सां आणि प-नी-रें. या तीन कॉर्डांत सातही स्वर येऊन जातात. म्हणजे चालीतला कोणताही स्वर या तिघींपैकी एकीत सापडतोच. म्हणून ज्याला हे तीन हात बसले, तो रात्रभर कार्यक्रम निभावून नेऊ शकतो. यात कमीपणा काही नाही. जगातले कितीतरी लोकसंगीत याच तीन कॉर्डांवर उभे आहे. प्रश्न तीन आहेत की तेरा आहेत हा नाही. प्रश्न असा, की या तीन कॉर्डांतून जे येते ते साधे आहे की सपाट आहे? साधेपणा ही निवड असते. सपाटपणा ही सवय असते. या दोहोंतला फरक ओळखता न येणे हीच आजच्या आपल्या गायन पार्ट्यांची खरी अडचण आहे.

२

आपल्या वाद्यांना इतिहास आहे आणि तो निरुपद्रवी नाही. डफडे आणि हलगी वाजवणे ही गावगाड्याने आपल्यावर लादलेली वेठ होती. दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या देवापुढे, दुसऱ्याच्या मिरवणुकीत वाजवायचे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून तुकडा घ्यायचा. १९२७ च्या महाड सत्याग्रहापासून हीन मानली गेलेली कामे सोडण्याचा जो विचार समाजात रुजला आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेने ज्याला पूर्णत्व आले, त्याचा एक भाग म्हणून असंख्य घरांतल्या खुंटीवरचे डफडे खाली उतरले. हा संगीताचा त्याग नव्हता. संगीतातल्या गुलामीचा त्याग होता. जी जागा रिकामी झाली तिथे जलशांनी, भजनमंडळांनी आणि कव्वालांनी पेटी आणून ठेवली.

या पेटीचीही गंमत आहे. हार्मोनियम मूळचे युरोपातले. पॅरिसच्या अलेक्झांडर देबॅनने १८४० च्या दशकात त्याला हे नाव आणि रूप दिले. त्या वाद्यात भाता पायाने चालत असे, म्हणून दोन्ही हात मोकळे राहत आणि स्वरांचे थर रचता येत. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात त्याची हातपेटी केली. माणूस मांडी घालून बसू लागला, पण डावा हात भात्यात अडकला. चाल वाजवायला उजवा हात तेवढा उरला. म्हणजे ज्या वाद्याचा जन्म स्वरसंवादासाठी झाला, ते आपल्याकडे येताना एकसुरी झाले. पुढे १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीने या पेटीला साथीपुरतीही बंदी घातली. आक्षेप असा, की पेटीचे सूर बांधलेले. तिच्यावर मींड निघत नाही. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खोटा नव्हता. पण एक विरोधाभास ध्यानात घ्यावा : नभोवाणीने ज्या वाद्याला दार बंद केले, त्याच वाद्यावर त्याच तीस वर्षांत वस्त्यावस्त्यांतून एका समाजाचे नवे मन घडत होते. शुद्धतेचे नियम कुणासाठी केले जातात आणि ते नियम चालू असताना इतिहास कुठे घडत असतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे.

३

आता गोंदियाकडे पाहू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि विडी कामगारांचा. धान कापून झाले, दिवाळी सरली, की इथे मंडईचे दिवस येतात. रात्री दंडार उभी राहते, खडी गंमत होते. अर्जुनी मोरगावपासून पुढे वडसा-गडचिरोलीकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम रंगतो. १४ एप्रिलला, वैशाखी पौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीम-बुद्धगीतांचे कार्यक्रम होतात. दुय्यम कव्वालीत दोन पार्ट्या समोरासमोर बसतात आणि पहाटेपर्यंत सवाल-जबाब चालतात. श्रोता इथे जाणता आहे. कोणत्या पार्टीने कोणाची चाल उचलली हे त्याला दुसऱ्या ओळीला कळते.

या प्रदेशात स्वरसंवादाची एक जुनी परंपरा होती, तिच्याकडे आपण लक्ष दिले नाही. झाडीपट्टीच्या रंगमंचापुढे पायाचा ऑर्गन असे. ऑर्गन वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे. तो उजव्या हाताने नटाच्या गळ्यामागे जाई आणि डाव्या हाताने खर्जातला सूर धरून ठेवी. दंडारीतले तुणतुणेही तेच करते : एक तार, एक सूर, आणि त्या न हलणाऱ्या सुरावर सगळी चाल तोललेली. म्हणजे 'खाली काय वाजते' याचे भान या मातीला होते. आज ऑर्गनच्या आणि पेटीच्याही जागी कीबोर्ड आला आहे. कीबोर्डने डावा हात पुन्हा मोकळा केला. हे चांगलेच झाले. पण त्याच कीबोर्डात तयार ठेका आहे आणि एक बोट ठेवले की कॉर्ड, खर्ज, ताल सगळे आपोआप सुरू करणारी सोय आहे. मोकळा झालेला हात यंत्राने पुन्हा बांधला. माता रमाईवरचे गीत असो, संविधानावरचे असो की अत्याचाराच्या निषेधाचे असो, खालचे वाजणे तेच. श्रोत्याच्या कानाला एकदा हे ओळखीचे झाले की तो ऐकणे थांबवतो. आणि ज्या गाण्याला श्रोता ऐकत नाही, त्यातला विचार कितीही जळजळीत असो, तो कर्मकांड होऊन बसतो. आपण ज्या कर्मकांडातून बाहेर पडलो, ते सुरांच्या वाटेने परत यावे काय?

४

सपाटपणाची तीन ठळक रूपे सांगता येतात.

पहिले, कारण नसताना कॉर्ड बदलणे. दर आवर्तनाला काहीतरी हलले पाहिजे अशा समजुतीने वादक सा, म, प अशा येरझारा घालतो. शब्दात काही घडलेले नसताना सूर मात्र घडल्याचा आव आणतात. मग खरोखर महत्त्वाचा शब्द येतो तेव्हा द्यायला वादकाजवळ काही शिल्लक राहत नाही.

दुसरे, भैरवीची मोडतोड. कार्यक्रमाच्या शेवटची गीते पुष्कळदा भैरवीच्या अंगाने बांधलेली असतात. तिथे रे, ग, ध, नी कोमल. कीबोर्डवरचा सवयीचा हात मात्र शेवटी प-नी-रें हीच कॉर्ड शुद्ध स्वरांत दाबतो. गायक कोमल रे आळवतो आणि साथीला शुद्ध रे वाजतो. ज्या एका स्वरात त्या चालीची सगळी व्याकुळता साठलेली आहे, तोच स्वर साथीदार पुसून टाकतो. याला उपाय आहे. तिथे कोमल रे-म-कोमल ध ही कॉर्ड घ्यावी, किंवा कोमल नी-कोमल रे-म घ्यावी आणि तेथून सा वर यावे. चालीतले स्वर साथीतही राहतात आणि घरी परतण्याची वाट वेगळी, काळजाला भिडणारी होते.

तिसरे, सिनेमाच्या चालीची अर्धवट उचल. चाल उचलण्याला माझा तात्त्विक विरोध नाही. लोकांच्या ओठांवरची चाल घेऊन तीत नवा आशय भरणे ही जलशाची जुनी रीत आहे. पण सिनेमाच्या गाण्यात चालीखाली बरेच काही असते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांच्या वाद्यरचनेत सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोमंतकीय वादकाने गळ्याच्या मागे व्हायोलिनची दुसरी, स्वतंत्र चाल चालवलेली असते. आपण उचलतो ती वरची चाल. खालचे सारे बांधकाम मुंबईच्या स्टुडिओतच राहते. मग ती चाल आपल्या मांडवात उघडीबोडकी दिसते आणि दोष मात्र भीमगीताला दिला जातो.

५

मग करायचे काय? नवीन वाद्य नको, पदवी नको. आहेत त्याच तीन कॉर्डांना बोलके करण्याचे मार्ग आहेत. आठ आवर्तनांचे एक साधे ध्रुपद घेऊ : सा, सा, म, सा, सा, म, प, सा. गोंदियातला कोणताही पेटीमास्तर हे डोळे मिटून वाजवील. आता त्यात एकेक बदल करून पाहू.

थांबून राहणे हा पहिला मार्ग. पहिली पाच आवर्तने सा वरच ठेवावीत. तिसऱ्यातला म काढून टाकावा. चालीचा तिथला स्वर स्थिर सा वर ताण देत राहील आणि तो ताण श्रोत्याला धरून ठेवील. तुणतुण्याने हेच शिकवले आहे. मग सहाव्या आवर्तनात, नेमक्या कळीच्या शब्दावर, म-ध-सां आली की तीच जुनी कॉर्ड दार उघडल्यासारखी वाटते.

दुसरा मार्ग खर्जाचा. कॉर्डमधला कोणता स्वर सर्वांत खाली आहे याने तिचा स्वभाव बदलतो. सा-ग-प मधला ग खाली ठेवला की ती कॉर्ड उभी राहत नाही, चालू लागते. मग खर्जात सा, ग, म, प अशी चढण तयार होते आणि गाणे पाऊल टाकत पुढे जाते. मोर्चाच्या गीताला याहून चांगली साथ कोणती?

तिसरा मार्ग बदलीचा. सहाव्या आवर्तनातल्या म-ध-सां ऐवजी रे-म-ध घ्यावी. दोन स्वर तेच आहेत, म्हणून चालीला सहसा धक्का लागत नाही. पण रंग गडद होतो आणि पुढची प-नी-रें अधिक हवीशी वाटते.

चौथा मार्ग उशिराचा. प-नी-रें लगेच न देता आधी प-सां-रें द्यावी; नी च्या जागी सा धरून ठेवावा आणि मग तो नी वर उतरवावा. एक स्वर अर्धे आवर्तन उशिरा आला, एवढेच. पण त्या उशिरात श्वास अडकतो.

पाचवा मार्ग शोकगीतासाठी. म-ध-सां वरून सा-ग-प वर येताना मधे म-कोमल ध-सां घ्यावी. ध, मग कोमल ध, मग प असा एक स्वर आतल्या आत खाली सरकतो. सहा डिसेंबरच्या गीताला हा उतार पुरेसा आहे. हुंदके देणारे तयार आवाज कीबोर्डातून काढण्याची गरज नाही. मात्र गायक त्या क्षणी शुद्ध ध वर नसावा, हे पाहिले पाहिजे.

सहावा मार्ग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो शेवटाचा आहे. चाल सा वर संपली की साथही सा-ग-प वर संपवायची, हे आपण निसर्गनियम असल्यासारखे मानतो. पण सा हा स्वर तीन कॉर्डांत आहे : सा-ग-प, म-ध-सां आणि ध-सां-गं. गायकाने तोच सा लावावा. खाली यांपैकी कोणती कॉर्ड ठेवायची हे साथीदाराने ठरवावे. सा-ग-प ठेवली तर गाणे म्हणते, गोष्ट पूर्ण झाली, आपण घरी पोचलो. म-ध-सां ठेवली तर गाणे म्हणते, अजून चालायचे आहे. ध-सां-गं ठेवली तर गाणे म्हणते, पोचलो असे वाटले होते, पण हे घर नव्हे. एकच स्वर, तीन अर्थ. आणि सुरांत विचार नसतो असे आपण म्हणत आलो!

याचा अर्थ किती खोल जातो ते पाहा. २९ सप्टेंबर २००६ रोजी आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषींची फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा या प्रकरणाला लागू धरला गेला नाही. अशा विषयावरचे गीत प्रत्येक कडव्याअखेर प-नी-रें वरून सा-ग-प वर सुखरूप उतरत असेल, तर शब्द न्याय मागत असतात आणि सूर न्याय मिळाल्याची पावती देत असतात. १९५४ साली तेव्हाच्या भंडारा मतदारसंघातून बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. तो पराभव याच भूमीने पाहिला आहे. त्याचे गीतही जयघोषाच्या शेवटावर मिटवायचे काय? जिथे प्रश्न मिटलेला नाही तिथे साथ मिटू देऊ नये. हा संगीताचा नियम नाही. ही बांधिलकी आहे.

६

'हे सारे पाश्चात्त्य झाले, आपल्या गाण्यात याला जागा नाही', असा आक्षेप येईल. त्याला उत्तर द्यायला अमेरिकेतल्या काळ्यांच्या संगीताकडे पाहावे लागते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने १९६६ च्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले. काळ्यांच्या कवितेचे, कादंबरीचे आपण आदराने वाचन केले. पण त्यांच्या ब्लूजचा अभ्यास आपण केला नाही. बारा आवर्तनांचे ब्लूज त्याच तीन कॉर्डांचे : चार आवर्तने सा, दोन म, दोन सा, मग प, म आणि शेवटची दोन सा. ही कॉर्डांची रीत मालकांच्या चर्चमधून आणि बाजारातून आलेली. गुलामांच्या लेकरांनी तिच्यात कोमल नी मिसळला, ग धड शुद्ध नाही धड कोमल नाही असा वाकवला, आणि मालकाचे घर आतून आपले करून टाकले. ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. गायक थांबला की उरलेल्या जागेत गिटार बोलते. आपल्याकडे झीलकरी ओळ उचलतात तेव्हा याहून वेगळे काय घडते?

१५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मारल्या गेल्या. दोन महिन्यांनी जॉन कोल्ट्रेनने 'अलाबामा' ही रचना ध्वनिमुद्रित केली. तिच्या आरंभी पियानो खाली जवळजवळ एकाच जागी घुमत राहतो आणि सॅक्सोफोन वर बोलत राहतो. कॉर्डांची धावपळ नाही. न हलणे हीच तिथली सर्वांत मोठी हालचाल आहे. त्याच्या चार वर्षे आधी, १९५९ मध्ये, माइल्स डेव्हिसने 'सो व्हॉट' या रचनेत बत्तीस आवर्तनांना केवळ दोन कॉर्ड पुरवल्या होत्या : सोळा आवर्तने एक, आठ आवर्तने तीच अर्धा सूर वर, पुन्हा आठ पहिली. ज्यांना शंभर कॉर्ड येत होत्या त्यांनी दोन निवडल्या. साधेपणा निवड असते असे म्हटले ते या अर्थाने.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साथ सजवायला गेलो तर शब्द बुडतील. आणि भीमगीत शब्दांसाठी आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच वर सांगितलेल्या मार्गांकडे पुन्हा पाहावे. त्यांतला एकही आवाज वाढवत नाही. थांबून राहणे, एक स्वर खाली ठेवणे, एक स्वर उशिरा देणे, शेवट उघडा ठेवणे : यांत भर कमी आणि संयम अधिक आहे. शब्द बुडवतात ते यंत्राचे ठेके आणि भिंतीसारखे रचलेले डीजेचे डबे. मांडवाच्या शेवटच्या ओळीत दिवसभर विड्या वळून आलेली म्हातारी बसलेली असते. तिला प्रत्येक शब्द कळला पाहिजे आणि तरी गाणे संपल्यावर तिच्या मनात काहीतरी हलत राहिले पाहिजे. साथीची कसोटी तीच.

कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी यात काही कामे अंगावर घ्यावीत. आपल्या तालुक्यातल्या जुन्या गायन पार्ट्यांच्या चाली सरगममध्ये लिहून काढाव्यात. शब्दांच्या वह्या पुष्कळ आहेत, चालींच्या नाहीत. ऑर्गन वाजवणारे म्हातारे वादक आहेत तोवर त्यांच्या डाव्या हाताला विचारून घ्यावे. भजनमंडळाच्या तालमीत आठवड्यातून एक दिवस कीबोर्डचा तयार ठेका बंद ठेवावा आणि एकाच ध्रुपदाला तीन वेगळे शेवट लावून पाहावेत. कोणता शेवट शब्दांना शोभतो यावर वाद घालावा. असा वाद जिथे सुरू होईल तिथे समीक्षा सुरू झाली असे समजावे.

ज्या समाजाला वाजवायला लावले गेले, पण काय वाजवायचे हे ठरवू दिले गेले नाही, त्याने शेवटची कॉर्ड स्वतः निवडणे ही लहान गोष्ट नाही.